एचटीटीपीएसवर वेब ॲप्लिकेशन संथ चालते तेव्हा वेळ नेमका कुठे जातो, हे शोधण्याची क्रमवार पद्धत

"एसएसएल लावल्यापासून साइट स्लो झाली" हे वाक्य सपोर्टच्या किंवा सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या कानावर लवकरच पडते. तक्रार करणाऱ्याचा अनुभव खरा असतो, पण त्याने लावलेले कारण बहुतेक वेळा तपासलेले नसते. एचटीटीपीएसमधले एन्क्रिप्शन टीएलएस करते; एसएसएल हे त्याच्या जुन्या आवृत्तीचे नाव बोलण्यात टिकून आहे. एन्क्रिप्शनचे गणित आजच्या प्रोसेसरला जड जात नाही. गूगलने जानेवारी २०१० मध्ये जीमेल सर्वांसाठी एचटीटीपीएसवर आणले, तेव्हा टीएलएससाठी सर्व्हरच्या सीपीयूचा १ टक्क्याहूनही कमी भाग खर्च होतो आणि त्यासाठी वेगळी यंत्रे घ्यावी लागली नाहीत, असे तिथले अभियंते ॲडम लँगली यांनी त्याच वर्षी लिहिले होते. त्यानंतर तर एईएस एन्क्रिप्शनच्या खास सूचना साध्या प्रोसेसरमध्येही सर्रास आल्या. वेळ जातो तो जोडणी उभारताना माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांत, उभारलेली जोडणी पुन्हा न वापरण्यात आणि कित्येकदा ज्याचा टीएलएसशी काहीही संबंध नाही अशा एखाद्या संथ क्वेरीत. यांपैकी काय घडते आहे, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते, कारण ते मोजता येते.

पायरी १ : तक्रार नेमकी करून घ्यावी

मोजणी सुरू करण्यापूर्वी तक्रार करणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. संथपणा सर्वांना जाणवतो की ठरावीक ऑफिसातल्या किंवा ठरावीक मोबाइल नेटवर्कवरच्या लोकांना? पहिले पान उघडायला वेळ लागतो की प्रत्येक क्लिकला? दिवसभर तसेच असते की गर्दीच्या वेळी? आणि व्हीपीएन बंद केल्यावर फरक पडतो का?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. पहिले पान रेंगाळते आणि पुढची पाने झटपट येतात, तेव्हा संशय जोडणी उभारण्याच्या कामावर जातो. प्रत्येक क्लिकला सारखाच वेळ लागत असेल, तर एकतर ॲप्लिकेशन स्वतःच संथ आहे किंवा प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उभारली जात आहे. पान लगेच येते पण मोठा अहवाल उतरवताना वेळ लागतो, असे असेल तर प्रश्न डेटा वाहून नेण्याचा आहे आणि हँडशेककडे, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करण्यापूर्वीच्या बोलण्यांकडे, पाहण्यात वेळ घालवू नये.

पायरी २ : फेऱ्यांचे गणित समजून घ्यावे

वापरकर्त्याच्या यंत्राकडून सर्व्हरपर्यंत एक पॅकेट जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळेला या लेखात फेरी म्हटले आहे. टीसीपी जोडणी उभारायला एक फेरी लागते. त्यावर टीएलएस १.२ चा पूर्ण हँडशेक करायला आणखी दोन फेऱ्या लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये हे काम एका फेरीत होते. त्यानंतर विनंती पाठवून उत्तराचा पहिला बाइट मिळण्यास एक फेरी आणि सर्व्हरने उत्तर तयार करण्यास घेतलेला वेळ. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी ३ मध्ये जोडणी आणि एन्क्रिप्शनची बोलणी एकत्रच होतात, त्यामुळे तिथे आणखी एक फेरी वाचते. मात्र ते टीसीपीऐवजी यूडीपीवर चालते, अनेक ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये यूडीपी अडवलेले असते आणि ब्राउझर निमूटपणे जुन्या मार्गाने जातो.

आता अंतर लक्षात घ्यावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूरहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे सरळ अंतर सुमारे १३,००० किलोमीटर धरले, तरी जाऊन येण्यास १३० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. टीएलएस १.२ वर चार फेऱ्यांचे ८०० मिलिसेकंद झाले, आणि यात सर्व्हरच्या कामाचा वेळ धरलेलाही नाही. तेच ॲप्लिकेशन मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि पुण्यातून फेरी १० मिलिसेकंदांची असेल, तर चार फेऱ्यांचे फक्त ४० मिलिसेकंद होतात. सेटिंग तेच, सर्टिफिकेट तेच, कोडही तोच. म्हणूनच डेव्हलपरच्या यंत्रावर सुरळीत चालणारे ॲप्लिकेशन ग्राहकाकडे रखडते, तेव्हा सर्वांत आधी फेरीचा वेळ विचारावा.

पायरी ३ : एका विनंतीचे तुकडे करून मोजावे

यासाठी कर्ल हे कमांड लाइनवरचे साधन पुरेसे आहे. त्याच्या राइट-आउट पर्यायात टाइम नेमलुकअप, टाइम कनेक्ट, टाइम ॲपकनेक्ट, टाइम स्टार्टट्रान्सफर आणि टाइम टोटल ही पाच चले छापून घ्यावीत. प्रत्यक्ष लिहिताना दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो. नवख्यांचा इथे एक ठरलेला गोंधळ होतो: हे आकडे त्या त्या टप्प्याला लागलेला वेळ सांगत नाहीत, तर विनंती सुरू झाल्यापासून तो टप्पा संपेपर्यंतचा एकूण वेळ सांगतात. म्हणून पुढच्या आकड्यातून मागचा वजा करणे हेच खरे वाचन.

समजा, आकडे असे आले: नेमलुकअप ०.०१२, कनेक्ट ०.२१८, ॲपकनेक्ट ०.६४०, स्टार्टट्रान्सफर ०.९०५ आणि टोटल ०.९३० सेकंद. वजाबाकी केल्यावर डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायला, १२ मिलिसेकंद, टीसीपी जोडणीला २०६, टीएलएस हँडशेकला ४२२, पहिल्या बाइटच्या प्रतीक्षेला २६५ आणि उरलेला मजकूर उतरवायला २५ मिलिसेकंद लागल्याचे दिसते. टीसीपीची जोडणी म्हणजे एक फेरी, म्हणून फेरी २०६ मिलिसेकंदांची आहे. टीएलएसचे ४२२ म्हणजे जवळपास बरोबर दोन फेऱ्या. अर्थात टीएलएस १.२ चा पूर्ण हँडशेक झाला आहे. प्रतीक्षेच्या २६५ मधून एक फेरी वजा केली की सर्व्हरचे स्वतःचे काम जेमतेम ५९ मिलिसेकंदांचे उरते. या ठिकाणी अधिक रॅमचा सर्व्हर घेतल्यास पैसे वाया जातील. टीएलएस १.३ सुरू केल्याने सुमारे २०० मिलिसेकंद वाचतील, आणि सर्व्हर वापरकर्त्यांच्या जवळ आणल्यास त्याहून कितीतरी अधिक.

आता दुसरे उदाहरण घ्या: ०.००४, ०.०१२, ०.०३१, २.४१० आणि २.४१८. इथे टीएलएसला १९ मिलिसेकंद लागले आणि पहिल्या बाइटची वाट मात्र जवळपास २.४ सेकंद पाहावी लागली. या तक्रारीत एसएसएलचे नाव कितीही वेळा आले असले, तरी पुढचा शोध डेटाबेसच्या स्लो क्वेरी लॉगमध्येच घ्यावा.

ही मोजणी एकदा करून थांबू नये. निदान दहा-बारा वेळा करावी, मधला आकडा आणि सर्वांत वाईट आकडा दोन्ही टिपावेत, कारण सरासरीत अधूनमधून येणारी खोळंब्याची विनंती लपून जाते. शिवाय तीच मोजणी तीन जागांवरून करावी: तक्रार करणाऱ्याच्या नेटवर्कवरून, वेगळ्या एखाद्या नेटवर्कवरून आणि खुद्द सर्व्हरवरून. सर्व्हरवरून मोजताना कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायाने डोमेनचे नाव स्थानिक पत्त्याकडे वळवता येते. त्यामुळे सर्टिफिकेट तेच राहते आणि मधले नेटवर्क बाजूला पडते.

पायरी ४ : ओळखीचे आकडे पाहताच थांबावे

काही आकडे योगायोगाने येत नाहीत. ते कुठल्यातरी टायमरचे असतात आणि ते दिसले की शोध निम्म्यावर येतो.

डीएनएसचा टप्पा ५ सेकंदांहून किंचित अधिक निघाला, तर लिनक्सच्या रिझॉल्व्हरने पहिल्या नेमसर्व्हरची वाट पाहून दुसऱ्याला विचारले, असे जवळपास खात्रीने म्हणता येते, कारण त्याची मूळ मुदतच ५ सेकंदांची आहे. सर्व्हर हलवताना जुन्या नेमसर्व्हरचा पत्ता सेटिंगमध्ये राहून गेला की हे हमखास घडते. अधिक फसवा प्रकार म्हणजे हा दोष ॲप्लिकेशन सर्व्हरवर असणे: वापरकर्त्याचे डीएनएस ठीक असते, पण ॲप्लिकेशन आतून दुसऱ्या सेवेला बोलावताना ५ सेकंद अडकते आणि बाहेरून ते सर्व्हरच्या संथ उत्तरासारखे दिसते.

टीसीपी जोडणीचा टप्पा एरवी २० मिलिसेकंदांचा असून अधूनमधून १ सेकंद आणि २० मिलिसेकंदांचा होत असेल, तर जोडणी मागणारे पहिले पॅकेट हरवले आणि १ सेकंदाने दुसरे पाठवावे लागले. मार्गात पॅकेट हरवत असतील किंवा गर्दीच्या वेळी सर्व्हरची नव्या जोडण्यांची रांग भरून वाहत असेल. दुसरी शक्यता सर्व्हरवरच्या नेटस्टॅटच्या आकडेवारीत, लिसन क्यू ओसंडल्याच्या नोंदीत, थेट दिसते. ती संख्या वाढत असेल तर रांगेची मर्यादा आणि ॲप्लिकेशनच्या वर्करची संख्या या दोन्हींकडे पाहावे.

जोडणी झाल्यानंतर प्रत्येक छोट्या उत्तरात नेमके ४० मिलिसेकंद जास्त लागत असतील, तर एका टोकाला छोटी पॅकेट साठवून पाठवणारा नेगलचा नियम आणि दुसऱ्या टोकाला पोच उशिरा देण्याची लिनक्सची सवय यांची गाठ पडलेली असते. ॲप्लिकेशनच्या सॉकेटवर टीसीपी नोडिले हा पर्याय चालू केल्यावर हा विलंब जातो.

आणि संथपणा फक्त काही घरगुती ब्रॉडबँडवर दिसत असेल, तर कर्लला आधी सक्तीने आयपीव्ही४ व मग आयपीव्ही६ वापरायला लावून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. डीएनएसमध्ये आयपीव्ही६ चा पत्ता नोंदवलेला असतो आणि त्या पत्त्यावर सर्व्हर उत्तरच देत नसतो, ही चूक फार आढळते.

पायरी ५ : हँडशेकच संथ असेल तर

ॲपकनेक्टमधून कनेक्ट वजा करून आलेल्या वेळेला फेरीने भागावे. उत्तर १ च्या जवळ आले तर टीएलएस १.३ आहे किंवा जुने सत्र पुन्हा वापरले गेले आहे. २ आले तर टीएलएस १.२ चा पूर्ण हँडशेक आहे. ३ किंवा अधिक आले, किंवा आकडा फेरीच्या पटीत बसतच नसेल, तर खोलात जावे.

पहिला संशयित म्हणजे सर्टिफिकेटची साखळी. सर्व्हर सुरुवातीला पोच न घेता साधारण १० पॅकेट, म्हणजे सुमारे १४ किलोबाइट, एवढेच पाठवू शकतो. साखळीत नको ती जुनी सर्टिफिकेट भरून ठेवली आणि ही मर्यादा ओलांडली, तर एक फेरी वाढते. याउलट मधले सर्टिफिकेट राहूनच गेले, तर काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात आणि काही साधने सरळ जोडणी नाकारतात. एका ब्राउझरवर चालते, दुसरीकडे नाही, अशी तक्रार येते ती यामुळे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट आज्ञेने साखळी, टीएलएसची आवृत्ती आणि किल्लीचा प्रकार एकाच वेळी पाहता येतो.

दुसरा म्हणजे सत्राचा पुनर्वापर. आधीच्या जोडणीत मिळालेले तिकीट दाखवले की हँडशेक लहान होतो. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे चार सर्व्हर असतील आणि प्रत्येकाची सत्र-तिकिटांची किल्ली वेगळी असेल, तर एका सर्व्हरने दिलेले तिकीट दुसरा ओळखत नाही आणि पूर्ण हँडशेक पुन्हा होतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ही किल्ली फाइलमधून न दिल्यास प्रत्येक सर्व्हर ती आपापली तयार करतो. ती सर्व सर्व्हरवर एकच ठेवावी आणि ठरावीक काळाने बदलावी. वर्षानुवर्षे तीच किल्ली ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने घातक आहे.

तिसरा म्हणजे सीपीयू. एन्क्रिप्शन स्वस्त असले, तरी हँडशेकमधली आरएसए स्वाक्षरी तेवढी स्वस्त नसते, आणि ४०९६ बिटांची किल्ली २०४८ बिटांच्या किल्लीपेक्षा कित्येक पट जड पडते. ओपनएसएसएलची स्पीड आज्ञा आपल्याच यंत्रावर चालवून आरएसए आणि ईसीडीएसए या दोन स्वाक्षरी-पद्धतींच्या सेकंदाला होणाऱ्या स्वाक्षऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. गर्दीच्या वेळी सेकंदाला हजारो नव्या जोडण्या येत असतील, तर हा फरक मोठा ठरतो. मात्र आधी एवढ्या नव्या जोडण्या का उभाराव्या लागत आहेत, हे विचारावे.

सर्टिफिकेट रद्द झाले आहे का, ही तपासणीही वेळ खाते. विशेषतः बाहेरच्या इंटरनेटला न जोडलेल्या सर्व्हरवरून दुसऱ्या सेवेला बोलावताना तपासणीची विनंती अडवली जाते आणि मुदत संपेपर्यंत सगळे खोळंबते. ओसीएसपी स्टेपलिंग, म्हणजे सर्टिफिकेट रद्द नसल्याचा पुरावा सर्व्हरनेच सोबत देणे, चालू करा, असा सल्ला जुन्या लेखांत सरसकट आढळतो. पण मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने ऑगस्ट २०२५ मध्ये आपली ओसीएसपी सेवा बंद केली, त्यामुळे त्यांच्या सर्टिफिकेटला तो सल्ला आता लागू पडत नाही.

व्हीपीएनवरच्या लोकांचीच जोडणी हँडशेकमध्ये लटकत असेल, तर पॅकेटच्या आकाराकडे पाहावे. टीसीपीची बोलणी छोट्या पॅकेटमध्ये होतात, म्हणून ती पार पडतात. सर्व्हर सर्टिफिकेट पाठवतो तेव्हा पॅकेट पूर्ण आकाराची होतात आणि व्हीपीएनच्या बोगद्यात मावत नाहीत. पॅकेट मोठे आहे असे सांगणारा आयसीएमपी संदेश फायरवॉलने अडवला, तर सर्व्हरला काही कळतच नाही. तुकडे करण्यास मनाई करून १,४७२ बाइटचे पिंग पाठवावे. ते जात नसेल आणि १,३०० चे जात असेल, तर दुखणे सापडले. याच्याच उलट दिशेचा एक प्रकार अलीकडे आला आहे: क्रोमने २०२४ पासून क्वांटम संगणकांना तोंड देऊ शकणारी की-देवाणघेवाण मूळ सेटिंगमध्येच चालू केल्याने ब्राउझरचा पहिला संदेश एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि काही जुनी मधली उपकरणे तिथे अडखळतात. क्रोमवर जोडणी लटकते आणि जुन्या कर्लवर लगेच होते, असे दिसल्यास हे तपासावे.

पायरी ६ : जोडणी टिकते का ते पाहावे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिले जाते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून कनेक्शन आयडीचा स्तंभ दिसेल असे करावे. एकाच डोमेनच्या विनंत्यांपुढे तोच क्रमांक वारंवार दिसला, तर जोडणी पुन्हा वापरली जात आहे. प्रत्येक ओळीत नवा क्रमांक आणि प्रत्येक ओळीच्या टायमिंगमध्ये एसएसएलची पट्टी दिसली, तर कुठेतरी कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी उघडी ठेवण्याची सोय, बंद आहे किंवा त्याची मुदत फारच कमी आहे. अपाचीमध्ये ही मुदत मुळात ५ सेकंदांची असते, एनजिनएक्समध्ये ७५. वाचत वाचत क्लिक करणाऱ्या माणसाला ५ सेकंद पुरत नाहीत.

हे झाले समोरच्या बाजूचे. मागच्या बाजूला, म्हणजे एनजिनएक्सकडून ॲप्लिकेशनकडे जाताना, हीच गोष्ट ब्राउझरला दिसत नाही. एनजिनएक्सच्या वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आवृत्त्या मागच्या सर्व्हरशी मुळात एचटीटीपी १.० ने बोलतात आणि प्रत्येक विनंतीनंतर जोडणी तोडतात. मागची बाजूही एन्क्रिप्टेड असेल, तर नव्या टीसीपी जोडणीवरच्या हँडशेकचा भार प्रत्येक क्लिकवर पडतो. अपस्ट्रीमच्या, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या, व्याख्येत कीप-अलाइव्ह देणे, प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करणे आणि कनेक्शन हेडर रिकामे पाठवणे, असे तिन्ही बदल करावे लागतात. एक राहिला तरी उपयोग होत नाही.

ते खरोखर घडते आहे का, हे लॉगमध्ये पाहावे. एनजिनएक्सच्या लॉगच्या साच्यात रिक्वेस्ट टाइमसोबत अपस्ट्रीम कनेक्ट टाइम, अपस्ट्रीम हेडर टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ही चले घालावीत. मागची बाजू एन्क्रिप्टेड असेल तर कनेक्ट टाइममध्ये हँडशेकही मोजला जातो. जोडणी पुन्हा वापरली जात असेल तर हा आकडा शून्य किंवा शून्याच्या जवळ दिसतो. रिस्पॉन्स टाइम लहान आणि रिक्वेस्ट टाइम मोठा असेल, तर ॲप्लिकेशनने उत्तर लवकर दिले आणि वापरकर्त्याच्या संथ नेटवर्कने ते हळूहळू उचलले.

ॲप्लिकेशनच्या कोडकडेही याच नजरेने पाहावे. ऑर्डरच्या एका पानासाठी कोड पेमेंट गेटवे, एसएमएस आणि पिनकोड अशा तीन सेवांना एकामागून एक बोलावत असेल आणि दर वेळी नवा क्लायंट बनवत असेल, तर तीन स्वतंत्र हँडशेक होतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत एकच सेशन ठेवून तो वापरावा. नोडमध्ये आवृत्ती १९ पासून मूळ एजंट जोडणी टिकवून ठेवतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते स्वतः सांगावे लागते.

पायरी ७ : तरीही उलगडा झाला नाही तर पॅकेट पाहावीत

टीसीपीडंपने दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट टिपून ती वायरशार्कमध्ये उघडावीत. मजकूर एन्क्रिप्टेड असला, तरी वेळा, हरवलेली पॅकेट आणि क्लायंट हॅलो, म्हणजे हँडशेकचा पहिला संदेश, किती वेळा आला हे सर्व उघड दिसते, आणि निदानाला बहुतेक वेळा तेवढे पुरते. मजकूर पाहणे अटळ असेल, तर स्वतःच्या ब्राउझरला सत्राच्या किल्ल्या एका फाइलमध्ये लिहायला लावता येते आणि वायरशार्क त्या वापरून मजकूर उलगडतो. हे फक्त स्वतःच्या यंत्रावर, चाचणीच्या खात्याने करावे. त्या फाइलमध्ये लॉगिनसकट सर्व काही उघडे करण्याची ताकद असते. काम झाल्यावर ती पुसावी आणि कुणालाही मेलने पाठवू नये.

दुरुस्ती करताना

एका वेळी एकच बदल करावा आणि पायरी ३ ची मोजणी पुन्हा करावी. "बघू तरी" म्हणून चालू सर्व्हरवर सर्टिफिकेटची पडताळणी बंद करणे किंवा साइट एचटीटीपीवर आणणे कधीही करू नये. असे तात्पुरते बदल कोडमध्ये राहून जातात आणि त्याची किंमत वापरकर्ते मोजतात. वेगासाठी टीएलएस १.३ मधली शून्य फेऱ्यांची सोय चालू करताना लक्षात ठेवावे की तशी विनंती कुणी टिपून पुन्हा पाठवू शकते, म्हणून पैसे वळते करणाऱ्या किंवा नोंद बदलणाऱ्या विनंत्यांना ती देऊ नये.

निष्कर्ष टीमला कळवताना "एसएसएल ठीक केले" एवढेच लिहू नये. मोजणी कुठून आणि कधी केली, पाचही आकडे आधी किती होते, कोणते एक सेटिंग बदलले आणि नंतर ते किती झाले, हे तक्रारीच्या तिकिटात लिहावे. सोबत वापरलेली कर्लची पूर्ण आज्ञा चिकटवावी, म्हणजे पुढच्या तक्रारीच्या वेळी दुसऱ्या कुणालाही तीच मोजणी तशीच करून पाहता येते.